घरच्या वंशावळीत बाया कुठे गेल्या? शोधायचं कसं, नागपूरवाल्यांसाठी

ज्यांच्या घरी कास्ट व्हॅलिडिटीची, म्हणजे जात पडताळणीची, फाइल झाली आहे त्यांना जुने कागद कसे काढायचे हे सांगावं लागत नाही. तहसीलमधून कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीची) नक्कल, आजोबांच्या शाळेतून दाखल-खारीजचा उतारा, गावचा जुना फेरफार (जमिनीवर नाव चढल्या-उतरल्याची नोंद), सगळं पाठ असतं, कारण एससीला १९५० च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांना १९६१ च्या आधीचा आणि ओबीसीला १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो आणि त्यासाठी अख्खं घर महिनाभर धावतं. आता ती फाइल काढा आणि त्यातली वंशावळ बघा. पणजोबा, आजोबा, मोठे बाबा, बाबा, काका, आणि सगळ्यात खाली जिच्यासाठी फाइल केली ती पोरगी. वर तीन पिढ्या नुसते पुरुष. म्हणजे एकाही बाईशिवाय हे घराणं चाललं असं त्या कागदावरून वाटेल.

पितृसत्तेचा इतिहास वाचायला लोक मोठी पुस्तकं घेतात, वाचावीच, पण माझं म्हणणं असं आहे की तो आपल्या घरच्या कागदांत आणि आपल्या आजीच्या तोंडात आधीच आहे, फक्त त्याला कोणी विचारत नाही. पुस्तकात कायद्याचं साल मिळतं, घरात कळतं की तो कायदा आपल्या उंबऱ्याच्या आत आला की नाही. बरेचदा आलाच नाही, किंवा चाळीस वर्षं उशिरा आला. हा शोध कसा घ्यायचा ते सांगते.

आधी माणसं, मग कागद. कागद कुठे पळत नाहीत, आजी ऐंशीच्या पुढे आहे. मोबाइलचा रेकॉर्डर सुरू करून समोर ठेवा, पण तिला विचारून, लपवून नाही. वेळ दुपारची, जेवणं होऊन भांडी झाली की. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया, सरगुंडे चालू असतील तर फारच चांगलं, हात कामात असले की बाया मोकळ्या बोलतात. आणि मुलगा, सून, नवरा कोणी आसपास नको. मुलगा खोलीत आला की आजी लगेच "सगळं चांगलंच होतं जी, काही कमी नव्हतं" म्हणून मोकळी होते, हे मी कितीतरी घरांत बघितलं आहे.

"तुझ्यावर अन्याय झाला का?" असं कधीच विचारू नका. या प्रश्नाला उत्तर "नाही" असंच येतं, कारण त्यात नवऱ्याची, सासूची, मेलेल्या माणसांची बदनामी आहे. वस्तू विचारा, जागा विचारा, पैसे विचारा. पायात चप्पल पहिल्यांदा कधी घातली आणि सासऱ्यासमोर घालून चालायची का? सगळ्यांची जेवणं झाल्यावर तिच्यासाठी भाजी उरायची का? महिन्याचे ते चार दिवस कुठे बसायची, थंडीत पांघरायला काय द्यायचे? स्वतःच्या हातात पहिला पैसा कधी आला आणि त्याचं काय घेतलं? किती बाळंतपणं झाली, किती मुलं जगली, डागा दवाखान्यात नेलं की घरीच सुईण आली? मुलं बंद करायचं ऑपरेशन कोणाचं झालं, तिचं की आजोबांचं? हा शेवटचा प्रश्न जरूर विचारा, दहातल्या नऊ घरांत उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे पण ते तिच्या तोंडून ऐकणं वेगळं.

तारखा तिला सांगता येणार नाहीत, आणि त्यावरून "आजीला काही आठवत नाही" असं ठरवू नका. मी माझ्या आजीला लग्न कधी झालं विचारलं तर "लहान होती" एवढंच म्हणाली. मग विचारलं की लग्नात झोप लागली होती का ग, तर हसली आणि म्हणाली मामाने कडेवर उचलून बोहल्यावर नेलं, मुंडावळ्या डोळ्यावर येऊन राहिल्या होत्या आणि तिला भूक लागली होती पण नवरीला आधी कोणी जेवू घालत नव्हतं. तारीख नसली तरी वय कळलं. साल पकडायला नागपूरच्या खुणा वापरा. गांधीजी गेले तेव्हा लग्न झालं होतं का? दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दीक्षा दिली, म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६, तेव्हा कडेवर कोणतं लेकरू होतं? त्याच्या नंतर महिनाभराच्या आतच नागपूरची राजधानी गेली, मग १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, अशा दोन-तीन खुणांच्या मधे तिचं आयुष्य बसवत गेलं की दोन वर्षांच्या फरकात बरोबर साल निघतं.

साल निघालं की कायदा शेजारी ठेवा. हे खरं काम आहे. समजा जन्म १९३७ चा, लग्न १९४९ ला, म्हणजे वय १२. बालविवाह रोखणारा शारदा कायदा १९२९ चा, तो १ एप्रिल १९३० पासून लागू, त्यात मुलीचं वय १४ होतं, १९४९ मध्ये १५ झालं आणि १८ झालं ते थेट १९७८ मध्ये. म्हणजे आजीच्या लग्नाच्या वेळी तो कायदा येऊन वीस वर्षं होत आली होती आणि तरी भर मांडवात कोणालाच त्याची भीती नव्हती, कारण शिक्षा झाली तरी लग्न मोडत नव्हतं आणि तक्रार करणार कोण? मग पणजीचं विचारा, तिच्या आईचं विचारा. त्यांच्या काळात १८९१ चा संमतिवयाचा कायदा, त्यात लग्नाचं नाही, शरीरसंबंधाचं वय १२, आणि तेवढ्यासाठीसुद्धा पुण्या-मुंबईत केवढा गदारोळ झाला होता. त्याच्या थोडं आधी रखमाबाईंनी कोर्टात सांगितलं की लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे मी जाणार नाही, तुरुंगात टाका, आणि त्याच दशकात, १८८२ ला, आपल्या विदर्भातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून विचारत होत्या की जो दोष बाईत असतो तो पुरुषात नसतो का. आपल्या पणज्या त्याच वेळी इथेच जवळपास जात्यावर दळत होत्या.

जात्यावरून आठवलं, गाणी रेकॉर्ड करा. कोणाला ओव्या येत असतील तर ओव्या, आणि आपल्याकडची भुलाबाईची गाणी. भाद्रपदापासून कोजागिरीपर्यंत पोरी जी म्हणायच्या त्यात सासू, नणंद, माहेराला जाऊ न देणं, सगळा सासुरवास भरला आहे. बाई सरळ बोलू शकत नव्हती ते गाण्यात बोलली. गाणं झालं की लगेच विचारा, "तुला नव्हते का ग पाठवत माहेरी?" गाण्यानंतर हा प्रश्न सोपा जातो.

आता नावांचा गोंधळ. बाईचा शोध अर्ध्यात अडकतो तो इथेच. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहायची पद्धत होती, त्यामुळे एकाच बाईची दोन पूर्ण वेगळी नावं निघतात, माहेरचं एक आणि सासरचं एक, वर आडनाव बदललेलं आणि मधलं नावही बापाऐवजी नवऱ्याचं. म्हणजे तीनच्या तीन शब्द बदलले. शाळेच्या रजिस्टरमधली आणि सातबारावरची एकच आहे हे कागदावरून कळतच नाही, तिच्या भावाकडून किंवा माहेरच्या कोणाकडून विचारून जुळवावं लागतं. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कोणताही कायदा नाही, तेव्हाही नव्हता, नुसती रीत. आणि नाव झाकायची सवय किती खोल होती बघा, १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत देशभरात जवळजवळ २८ लाख बायांची नावं मतदार यादीतून काढावी लागली कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही, "अमक्याची बायको", "अमक्याची आई" अशीच नोंद होती. जास्त करून बिहार, यूपी, राजस्थानकडच्या. घरात जुनी मतदार यादी, जुनं रेशन कार्ड असेल तर बघा आजी त्यात कशी लिहिली आहे.

कागद कोणते काढायचे. कोतवाल बुकात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज करून नक्कल मिळते. व्हॅलिडिटीसाठी आपण फक्त "मुलगा झाला" शोधतो, यावेळी "मुलगी झाली" ही ओळ शोधा. "अमक्याला मुलगी झाली", बापाचं नाव, जात, तारीख, संपलं. मुलीचं नाव नाही, आईचं तर नाहीच. कधी काही महिन्यांनी मृत्यूच्या पानावर त्याच बापाची मुलगी दिसते, "ताप". या ओळी उतरवून घ्या. घरात कोणाला माहीतही नसतं की आजोबांना आणखी दोन बहिणी होत्या.

शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर त्याहून बोलकं, कारण त्यात शाळा सोडल्याची तारीख असते आणि कारणाचा रकाना असतो. भाऊ आणि बहीण एकाच शाळेत होते का, ती कोणत्या वर्गातून निघाली, तो कोणत्या. हेडमास्तरांना नीट अर्ज द्या, उद्देश लिहा, गर्दीचा जून-जुलै टाळा.

आणि सगळ्यात मोठं ठिकाण म्हणजे जमीन. सातबारा आणि त्याच्या मागचा फेरफार. आजचा सातबारा ऑनलाइन दिसतो, जुने स्कॅन केलेले उतारे काही तालुक्यांचे महाभूमी या सरकारी वेबसाइटवर मिळतात, नाहीतर तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) किंवा तहसीलला. शहरात घर असेल तर आखीव पत्रिका. वाचताना डोळा तीन जागी ठेवा. एक, "अ.पा.क.", म्हणजे अज्ञान पालनकर्ता, वयात न आलेल्या पोरांचा पालक. आजोबा लवकर गेले तर पोरांच्या नावापुढे अ.पा.क. आई असं लिहिलेलं सापडतं, म्हणजे शेत तिने केलं, कर्ज तिने फेडलं, कागदावर ती फक्त पोरांची राखणदार, आणि मोठा मुलगा सज्ञान झाला की तीही ओळ कमी झाली. दोन, "ए.कु.मॅ.", एकत्र कुटुंब मॅनेजर, थोरल्या भावाचं नाव, बाकी सगळे त्याच्या मागे झाकलेले. तीन, "इतर हक्क" हा रकाना, विहिरीचं, बँकेचं कर्ज जिथे लिहितात तिथे. बहिणींची नावं बरेचदा मालकाच्या रकान्यात नाही, इथे टाकलेली असतात. मी एका घरचा उतारा वाचला त्यात सोसायटीच्या कर्जाच्या बोज्याच्या खाली तीन बहिणींची नावं होती, तेही नुसती पहिली नावं.

मग फेरफारच्या तारखा ओळीने लिहून काढा. मृत्यू, वारस नोंद, आणि त्यानंतर हक्कसोड, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचा कागद. बहुतेक घरांत वारस म्हणून बहिणींचं नाव चढतं आणि लगेच हक्कसोडपत्राने उतरतं. त्या दिवशी काय झालं ते आत्याला विचारा. कोणी गाडीने नेलं, कुठे सही केली, कागद वाचून दाखवला का, दुपारी काय जेवायला दिलं, साडी घेतली का. "भावाचं मन मोडलं असतं, माहेर तुटलं असतं", हे उत्तर येणारच. ते खोटं नाही, त्या बाईकडे भांडण झाल्यावर परत यायला दुसरं दार नव्हतं आणि ते दार उघडं ठेवायची किंमत तिने जमिनीने मोजली.

या तारखांच्या शेजारी पुन्हा कायदा ठेवा. १९३७ च्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या वाट्यात हक्क दिला पण हयातीपुरता. हिंदूंचे लग्नाचे आणि वारशाचे कायदे बदलणारं हिंदू कोड बिल अडवलं गेलं म्हणून बाबासाहेबांनी १९५१ ला कायदेमंत्रिपद सोडलं, नंतर ते तुकड्यांत पास झालं आणि १९५६ च्या वारसा कायद्यात बाईची मालकी पूर्ण झाली, मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा आला, पण वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मापासूनचा हक्क मुलांनाच राहिला. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून तो मुलींना दिला, पण त्याच्या आधी लग्न झालेल्यांना वगळून. म्हणजे एकाच बापाच्या दोन पोरी, थोरलीचं लग्न ९३ ला झालं ती बाहेर, धाकटीचं ९५ ला झालं ती आत. ही भिंत ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने पडली आणि बाप तेव्हा जिवंत असायला हवा होता की नाही हा वाद सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला संपवला, जिवंत असण्याची गरज नाही. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या उघडत नाहीत. बौद्ध, जैन, शीख घरांनाही हाच कायदा आहे. मुस्लिम घरात मुलीचा हिस्सा, मुलाच्या निम्मा, शरियतमध्ये पहिल्यापासून ठरलेला आहे, तिथे शोधायचं ते हे की तो कागदावर कधी चढला का. गोंड आणि इतर आदिवासींना हिंदू वारसा कायदा लागू नाही, रूढी चालते, आणि रूढीत बाईला वाटा नाही हे गृहीत धरायचं नाही असं सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या एका गोंड घराच्या केसमध्ये सांगितलं.

ज्यांच्या घरी जमीनच नव्हती त्यांनी इथे सोडून देऊ नका. त्यांच्याकडे कामाचे कागद असतात, एम्प्रेस मिलचा पास, बिडी कामगाराचं कार्ड, महानगरपालिकेच्या सफाईच्या नोकरीचं काही. बिडी कार्ड तर थेट बाईच्याच नावावर असतं. आणि नागपूरच्या कष्टकरी बायांचा इतिहास जमीनवाल्या घरांपेक्षा जास्त बोलका आहे. २० जुलै १९४२ ला इथे दलित महिलांची परिषद भरली, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, हजारो बाया आल्या, आणि त्यांनी मागितलं काय तर घटस्फोटाचा हक्क, एका नवऱ्याला अनेक बायका करायला बंदी, कामगार बायांना रजा. बाबासाहेबांनी त्यांना सांगितलं की लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभं राहावं, गुलाम व्हायला नकार द्यावा. १९४२ ला. दोन बायका करायला हिंदू पुरुषांना देशभर बंदी आली १९५५ ला. तुमच्या आजीला, तिच्या बहिणीला विचारा त्या परिषदेला कोणी गेलं होतं का, इंदोरा, पाचपावलीकडच्या घरांत अजून आठवणी निघतात.

एक गोष्ट मुद्दाम सांगते कारण ती गाळली जाते. जाईबाई चौधरी, मूळच्या उमरेडच्या, ओझी वाहून पोट भरणाऱ्या, त्यांनी नागपुरात अस्पृश्य मुलींसाठी चोखामेळा कन्याशाळा काढली. १९३७ ला अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन नागपुरात झालं तेव्हा जेवणाच्या वेळी त्यांना वेगळं बसवून अपमान केला, बायांच्याच हक्कांच्या परिषदेत, आणि दलित बायांनी त्याविरुद्ध लगेच आपली निषेध सभा घेतली. हे आपल्याला आज माहीत आहे ते उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी म्हाताऱ्या कार्यकर्त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्याशी बोलून 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिलं म्हणून. त्यामुळे स्वतःच्या घरात शोधताना जातही विचारा. आपली आजी कोणाला अंगणाबाहेर उभं ठेवायची का, भांडी घासायला येणाऱ्या बाईचा कप वेगळा होता का? बालविवाह, सती, विधवेला कोंडून ठेवणं हे सगळं जातीबाहेर लग्न होऊ नये म्हणून आलं असं बाबासाहेबांनी १९१६ मध्येच मांडलं होतं, आणि घरच्या आठवणी खणल्या की ते पटतं, कारण जिथे जात घट्ट तिथे पोरींवरचा पहाराही घट्ट.

आई आणि मावशीच्या पिढीला वेगळं विचारा. १९७२ ला तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजला पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला, सेशन्स कोर्टाने पोलिसांना सोडलं, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडलं, त्यावर १९७९ मध्ये चार कायदा प्राध्यापकांनी खुलं पत्र लिहिलं, देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्या वर्षांत तुमची आई कॉलेजात असेल. तिला संध्याकाळी किती वाजेपर्यंत बाहेर राहू द्यायचे, काहून, आणि भावाला किती वाजेपर्यंत?

काही ऐकून तुम्हालाच त्रास होईल. मारहाणीचं निघेल, एखादी विहिरीत "पाय घसरून" पडलेली काकू निघेल. तिने "हे लिहू नको" म्हटलं तर लिहू नका, रेकॉर्डिंग तिथलं पुसून टाका. आणि आज घरात कोणाला मार बसून राहिला आहे असं कळलं तर इतिहास बाजूला ठेवा, १८१ (महिला हेल्पलाइन) किंवा ११२ ला फोन, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो. हक्कसोड फसवून झालं असं वाटत असेल तरी तिथेच जा, मुदतीचा प्रश्न असतो म्हणून लवकर जा.

सगळं जमलं की वंशावळ नव्याने काढा. मोठा ड्रॉइंग पेपर घ्या, प्रत्येक पुरुषाच्या शेजारी त्याची बायको, तिची दोन्ही नावं, तिच्या आई-बापाचं नाव आणि माहेरचं गाव. लेकींच्या फांद्या "लग्न होऊन गेली" म्हणून तोडायच्या नाहीत, त्यांची मुलं, नातवंडंही लिहायची. जिचं नाव सापडलं नाही तिथे "मुलगी, जन्म १९२८, कोतवाल बुक" असं लिहा, जागा रिकामी सोडू नका. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावात सरकारी कागदांवर आधी आईचं, मग बापाचं नाव येतं, म्हणजे पुढच्या पिढीला हे थोडं सोपं जाईल.

त्याचबरोबर चालू कागदही बघून घ्या. आई सातबारावर मालकाच्या रकान्यात आहे की इतर हक्कात, वारस नोंद राहिली असेल तर ई-हक्क या ऑनलाइन पोर्टलवरून किंवा तलाठ्याकडे अर्ज द्या, नोटीस लागते, १५ दिवस हरकतीला असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. वारसांच्या प्रतिज्ञापत्रात सगळ्या बहिणींची नावं आली का हे स्वतः वाचा, भावाने भरून आणलं तरी वाचा. सुधार प्रन्यासचा प्लॉट असेल तर लीजवर आणि महानगरपालिकेच्या घरटॅक्सवर नाव वेगवेगळं चढवावं लागतं, एकाने दुसरं होत नाही.

रेकॉर्डिंगच्या कॉपी एका फोनवर ठेवू नका. पेन ड्राइव्हवर एक, मेलवर एक, आणि वंशावळीची झेरॉक्स घरातल्या प्रत्येक लेकीकडे, सासरी गेलेल्या आत्याकडे आधी.